मुलाचा ताबा: या चुका टाळा

नवरा-बायको वेगळे राहू लागले की दोन्ही घरांत एकच वाक्य घुमतं: ‘मूल आमचं.’ कौटुंबिक न्यायालयात या वाक्याला फारसं वजन नसतं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ नुसार मुलाचं कल्याण सर्वांत वर. शाळेत कोण सोडतं, ताप आला की रात्री कोण जागतं, पालकसभेला कोण जातं, हे तिथे विचारलं जातं. तरीही लोक तयारी करतात ती जोडीदार किती वाईट आहे हे सांगण्याची. त्यात पानंच्या पानं भरतात आणि मुलाची दिनचर्या अर्जात दोन ओळींत उरकलेली असते.

‘पाच वर्षांखालचं मूल आईलाच मिळतं’ हा समज अर्धवट आहे. याच कायद्याच्या कलम ६ मध्ये ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आहे. म्हणून आईने निर्धास्त राहू नये आणि वडिलांनी अर्ज करायचा सोडू नये. सहावं लागलं की मूल आपोआप वडिलांकडे जातं, असंही कुठे लिहिलेलं नाही.

नातेवाइकांचा आवडता सल्ला म्हणजे ‘आधी मूल घेऊन ये, मग बघू.’ पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ प्रमाणे अर्ज करायचा तो मूल जिथे सामान्यतः राहतं तिथे. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला गुपचूप नाशिकला नेऊन पंधरा दिवस ठेवलं म्हणून खटला नाशिकला येईलच असं नाही. उलट मधल्या सत्रात शाळा तुटली हे तुमच्याच विरोधात जातं. घरात मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मुलाला घेऊन जरूर बाहेर पडा, पण लगेच कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली तात्पुरत्या ताब्याचा अर्ज करा.

सगळ्यात महाग पडणारी चूक

परस्परसंमतीने घटस्फोट घेताना सहा-सात पानांच्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटी, होतात. पोटगीचा आकडा, दागिने, फ्लॅट यांवर महिनोन्‌महिने घासाघीस चालते. मुलाच्या भेटीचं कलम मात्र एका ओळीचं: ‘वडील मुलाला उभयतांच्या सोयीनुसार भेटू शकतील.’ सोय जमली असती तर कोर्टात कशाला आला असतात? पुढची भांडणं बहुतेक याच ओळीतून निघतात, आणि आदेशच मोघम असेल तर तो मोडला हे सिद्ध करणंही अवघड.

तेव्हा वार, वेळ आणि जागा लिहा. मुलाला कोण आणणार, कोण पोचवणार, उशीर झाला तर किती वेळ थांबायचं, हेही लिहा. ‘मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी’ हे राज्य मंडळाच्या शाळेत चालून जातं. सीबीएसई शाळेचं वेळापत्रक वेगळं असू शकतं आणि मूल उद्या शाळा बदलेल. त्याऐवजी ‘शाळेने जाहीर केलेल्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग’ असं लिहा. सण तिथीप्रमाणे येतात. वडिलांकडे दीड दिवसाचा गणपती असेल आणि चतुर्थी मंगळवारी आली, तर शनिवार-रविवारच्या भेटीचा काही उपयोग नाही. त्याचा वेगळा उल्लेख हवा. आजी-आजोबांच्या भेटी आणि फोन यांचंही तेच. आपल्याकडे अनेक मुलं त्यांच्याच मांडीवर वाढतात आणि टर्म्समध्ये त्यांचं नावही नसतं.

आदेश आहे, पण पाळला जात नाही

ठरलेल्या दिवशी मूल दिलं नाही, तर चार भाऊबंद घेऊन दारात उभं राहू नका. ते दृश्य मूल खिडकीतून बघतं आणि त्याचं चित्रीकरण पुढच्या तारखेला कोर्टात येतं. ठरल्या जागी वेळेवर जा, ‘मी आलो आहे’ असा साधा संदेश पाठवा, उत्तर जपून ठेवा आणि दोन-तीनदा तसंच झालं की त्याच न्यायालयात अर्ज करा. बुडालेल्या भेटींची भरपाई मागता येते.

पोटगी थकली म्हणून भेट बंद, किंवा भेट नाही म्हणून पोटगी बंद, हा हिशेब कोर्ट मान्य करत नाही. पैशासाठी वेगळी वसुली, भेटीसाठी वेगळा अर्ज. दोन्हींची गाठ मारणारा पालक न्यायाधीशांपुढे उघडा पडतो.

मूलच जायला नकार देत असेल तर आधी कारण शोधा. कधी तिथे खेळायला कोणी नसतं, एवढंच असतं. धाक किंवा इजा असेल तर भेटीचं स्वरूप बदलून मागा, समुपदेशकांसमोर भेट मागा. पण मुलाला उत्तरं पढवू नका. न्यायाधीश मुलाशी दालनात एकट्याने बोलू शकतात, आणि आठ वर्षांचं पोर ‘बाबांचं वर्तन बेजबाबदार आहे’ असं म्हणालं की ते वाक्य कोणाचं हे त्यांना कळतं.

ताब्याचा आदेश कायमचा शिक्का नसतो. मुलं म्हणजे मालमत्ता नव्हेत आणि परिस्थिती पालटली की असे आदेश बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रोझी जेकब खटल्यात स्पष्ट केलं. बदली झाली, दुसरं लग्न झालं, मूल दहावीला आलं, तर परस्पर नवी व्यवस्था सुरू करू नका. दोघांचं एकमत असलं तरी ती कोर्टातून नोंदवून घ्या.

एक पालक परदेशात असेल तर १९८० च्या हेग करारावर, म्हणजे दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत पाठवण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारावर, विसंबू नका. भारत त्यात सामील नाही. मूल इथे आल्यावर परत पाठवायचं की नाही, हे इथलं न्यायालय मुलाचं हित पाहून ठरवतं. म्हणून पासपोर्ट कोणाजवळ राहील, प्रवासाआधी किती दिवस कळवायचं आणि परतीचं तिकीट कधी दाखवायचं, हे आदेशातच घाला. व्हिडिओ कॉलची वेळ भारतीय वेळेनुसार लिहा, नाहीतर अमेरिकेत घड्याळं पुढे-मागे झाली की मुलाच्या शाळेच्या वेळेत फोन वाजत बसतो.