शेवटचं वर्ष: इंटर्नशिप, प्रेम आणि प्लेसमेंटच्या धांदलीत या चुका टाळा

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपतं त्या जूनपासून पुढच्या जूनपर्यंतचं वर्ष पुण्यातल्या कुठल्याही हॉस्टेलवर साधारण सारखंच दिसतं. जूनमध्ये कुणी हिंजवडीला तर कुणी खराडीला इंटर्नशिपला जातंय, ऑगस्टमध्ये अ‍ॅप्टिट्यूडच्या टेस्ट, डिसेंबरात अर्धी बॅच 'प्लेस्ड' आणि अर्धी गप्प, जानेवारीत सहा महिन्यांची दुसरी इंटर्नशिप, एप्रिलमध्ये प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि मेमध्ये रूम सोडायची घाई. याच काळात कुणाचं जुळतं, कुणाचं तुटतं. सल्ला देणारे मात्र वेगवेगळे. टीपीओ, म्हणजे कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी, फक्त प्लेसमेंटचं बोलतात, सीनिअर इंटर्नशिपचं, आणि प्रेमाचं बोलतो रूममेट, ज्याचं स्वतःचंच काही धड नसतं. तिन्ही गोष्टी चालतात मात्र एकाच कॅलेंडरवर आणि एकाच खिशातून. कॉलेजांत मॉक इंटरव्ह्यू घ्यायला जातो तेव्हा दिसतं ते हेच: मुलं हुशार असतात, तयारीही असते, पण जो प्रश्न ऑगस्टमध्ये विचारायला हवा होता तो मार्चमध्ये विचारलेला असतो. एचआरला, मेंटरला, आणि एकमेकांनाही.

पैसे भरून घेतलेली इंटर्नशिप

पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिपचे क्रेडिट आले आणि त्यामागोमाग सर्टिफिकेटांचा बाजारही आला. 'तुमची निवड झाली आहे' असा मेल येतो. इंटरव्ह्यू झालेलाच नसतो. मग चार टास्क येतात, त्यांची उत्तरं युट्यूबवर असतात, आणि शेवटी सर्टिफिकेटसाठी पैसे मागतात. पैसे तुमच्याकडून त्यांच्याकडे जात असतील तर तो क्लास समजा. क्लास लावायला काहीच हरकत नाही, पण रेझ्युमेवर तो 'अनुभव' म्हणून मांडू नका. समोरचा माणूस दुसऱ्याच प्रश्नाला विचारतो, 'टीममध्ये किती जण होते? तुमचा कोड कोण तपासायचं?' इथे भलेभले अडकतात. तिथून निसटलात तरी जॉइनिंगच्या वेळी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन असतंच.

असं सर्टिफिकेट आधीच घेतलं असेल तर 'प्रशिक्षण' म्हणून एका ओळीत लिहा आणि त्यात जे बनवलं ते स्वतःच्या डोक्याने थोडं पुढे न्या. चेहरा ओळखून हजेरी लावणारी सिस्टीम मात्र नको. ती अर्ध्या वर्गाने बनवलेली असते आणि वर्गात हजेरी तरीही रजिस्टरवरच लागते.

मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनच्या मुलांना एक जास्तीचं सांगणं. भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपला नाक मुरडू नका. मोठ्या कंपनीत महिनाभर सेफ्टीचे व्हिडिओ आणि प्लांट व्हिजिट होते. छोट्या शॉपमध्ये तिसऱ्या दिवशी कुणीतरी व्हर्नियर हातात देऊन रिजेक्ट झालेला लॉट मोजायला बसवतं. इंटरव्ह्यूत बोलण्यासारखं त्या दुसऱ्या ठिकाणीच सापडतं.

एनओसी आणि हजेरी

जानेवारीपासून सहा महिने पूर्णवेळ या, असं कंपनी म्हणते. कॉलेजला ७५ टक्के हजेरी हवी असते. दोघांना हो म्हणून मुलं मोकळी होतात आणि एप्रिलमध्ये डिटेन्शनच्या, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याच्या, यादीत नाव झळकतं. ऑफर लेटर हातात आल्याच्या आठवड्यात विभागप्रमुखांकडून लेखी एनओसी (ना हरकत पत्र) घ्या. 'सर हो म्हणालेत' हा कागद नव्हे.

स्टायपेंडमधून १० टक्के टीडीएस कापत असतील तर ते पैसे बुडाले असं समजू नका. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात. पॅन कार्ड नीट दिलेलं हवं, एवढंच.

'पीपीओ देतील बहुतेक'

मेंटर चांगला बोलतो, टीम वाढदिवसाला केक कापते, आणि इंटर्न मनाशी ठरवून टाकतो की आता पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतरची पक्क्या नोकरीची ऑफर, येणारच. मग तो ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या कंपन्यांना बसतच नाही. डिसेंबरमध्ये कळतं की हेडकाउंट, म्हणजे नव्या जागा, मंजूर झालेल्या नाहीत. यात मेंटरचा दोष नसतो. ते ठरवणं त्याच्या हातात नसतं.

पहिला महिना संपला की सरळ विचारा: मागच्या बॅचमधल्या कुणाला ऑफर दिली होती का? निर्णय कोण घेतं? साधारण कधी कळतं? उत्तर 'बघू' असं आलं तर कॅम्पसला बसा. आणि दर शुक्रवारी मेंटरला चार ओळींचा मेल टाका: काय केलं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय. इंटर्नशिप संपताना हेच मेल रिपोर्ट म्हणून कामी येतात. शिवाय मेंटर मध्येच कंपनी सोडून गेला (जातातच), तर तुम्ही काय केलं याचा पुरावा राहतो.

प्रेमातल्या चुका, ज्यांची नोंद रेझ्युमेवर नसते

या विषयावर पालकांचं मत ठरलेलं आहे: हे वर्ष संपू दे, मग काय ते बघा. हा सल्ला कुणी पाळत नाही आणि मला तो फारसा पटतही नाही. रात्री दोनपर्यंत डीबीएमएसचे (डेटाबेसच्या विषयाचे) प्रश्न विचारून तयारी करून घेणारं माणूस जवळ असणं ही मोठी सोय आहे. अडचण प्रेमाची नसते, न बोललेल्या गोष्टींची असते.

सगळ्यात नेहमीची चूक शहराची. तो बंगळुरूची ऑफर 'ती पुण्यात आहे' म्हणून सोडतो आणि हे तिला सांगत नाही. तिकडे तिने हैदराबादचा फॉर्म आधीच भरलेला असतो. दोघंही एकमेकांसाठी त्याग करतात आणि तीन महिन्यांनी त्याच त्यागावरून भांडतात. ऑगस्टमध्येच, टेस्टचे निकाल यायच्या आधी, एकदा बसून बोला: कुठली शहरं चालतील, कुठली अजिबात नाही, आणि दोन वर्षं लांब राहायची वेळ आली तर जमेल का. 'माहीत नाही' हेसुद्धा उत्तर आहे, पण ते मोठ्याने म्हटलेलं असू दे.

दुसरी चूक एकाचं झालं आणि दुसऱ्याचं नाही, त्यानंतरची. नोकरी लागलेली व्यक्ती धीर द्यायला जाते आणि म्हणते, 'तुझंही होईल, टेन्शन नको घेऊ.' नोकरी न लागलेल्याला ते टोमण्यासारखं ऐकू येतं. तिथून मेसेज कमी होत जातात, स्टेटस लपवले जातात, पार्टीची निमंत्रणं टाळली जातात. धीर कमी द्या आणि काम वाटून घ्या: त्याच्या मुलाखतीचा सराव घ्या, तिचा रेझ्युमे परक्यासारखा वाचा, ओळखीच्या सीनिअरला रेफरलसाठी गाठून द्या. ज्याची नोकरी अडली आहे त्याने एवढं सांगावं की रोज निकाल विचारू नको, झालं की मीच सांगेन.

पैशाचं कुणीच बोलत नाही. दहा हजारांच्या स्टायपेंडमध्ये पीजी, मेस, पीएमपीचा पास आणि दर शनिवारी बाणेरचा कॅफे बसत नाही. तो बसवण्यासाठी क्रेडिट अ‍ॅपवरून 'आत्ता घ्या, नंतर भरा' सुरू होतं. उशिरा भरलेला हप्ता सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, उमटू शकतो आणि बँकांसारख्या काही नोकऱ्यांत तो सिबिल पाहिलाही जातो. एफसी रोडवर अजूनही थोडक्या पैशांत दोघांचं पोट भरतं आणि तळजाईच्या टेकडीला तिकीट नाही.

ब्रेकअप नेमका इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री होतो, असा काही नियम नाही. पण भांडण त्या रात्रीपर्यंत ताणलं तर तसंच होणार. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी नात्याबद्दलची कुठलीही गंभीर चर्चा नको, हा करार आधीच करून ठेवा. तरी झालंच, आणि झोप आलीच नाही, तर टीपीओंना सकाळी लवकर सांगून स्लॉट दुपारचा मागा. न सांगता गैरहजर राहिलात तर बऱ्याच कॉलेजांत पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत. टीपीओंना कारण सांगायची गरज नाही, 'तब्येत ठीक नाही' पुरतं. आणि ते खोटंही नसतं.

ऑफिसातलं आवडणं

इंटर्नशिपच्या ठिकाणी कुणी आवडणं स्वाभाविक आहे. पण ज्याच्या अभिप्रायावर तुमचा पीपीओ अवलंबून आहे त्याच्याशी जुळलं, तर पुढे ऑफर आली तरी लोक बोलणार आणि नाही आली तरी तुमच्या मनात शंका राहणार. इंटर्नशिप संपेपर्यंत थांबा. सहकाऱ्याला विचारायचं असेल तर एकदा, सरळ, आणि उत्तर नाही असेल तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा विचारणं, रात्रीचे मेसेज, टीममध्ये चर्चा, हे छळवणुकीत मोडतं.

उलट बाजू मुलींना कुणी सांगत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि अ‍ॅप्रेंटिस यांनाही लागू आहे, स्टायपेंड नसला तरी. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. 'मी फक्त इंटर्न आहे' म्हणून गप्प बसू नका. चॅटचे स्क्रीनशॉट स्वतःच्या ईमेलवर ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नको.

डेटिंग अ‍ॅपवर ओळख झाल्या झाल्या समोरची व्यक्ती एका ठरावीक कॅफेचाच आग्रह धरत असेल तर सावध. ती मध्येच उठून जाते आणि बिल हजारोंत येतं. दिल्ली-मुंबईत असे गुन्हे नोंदले गेले आहेत. जागा तुम्ही निवडा. फसून ऑनलाइन पैसे गेलेच तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. हाच नंबर 'लॅपटॉपसाठी डिपॉझिट भरा, मग जॉइनिंग' असं सांगणाऱ्या नोकरीवाल्यांसाठीही.

ऑफर लेटर न वाचता केलेली सही

बऱ्याच कॉलेजांत एक विद्यार्थी एक ऑफर असा नियम असतो. पहिली सर्व्हिस कंपनी मिळाली की पुढे फक्त त्याहून बऱ्याच मोठ्या पॅकेजच्या कंपनीला बसता येतं. हा नियम कॉलेजागणिक बदलतो, म्हणून पहिल्या कंपनीला नाव नोंदवण्याआधी तो लेखी वाचा. सप्टेंबरात घाईने घेतलेली ऑफर नोव्हेंबरात आलेल्या हव्या त्या कंपनीचं दार बंद करू शकते. अर्थात घरची गरज असेल तर पहिली ऑफर घेणंच शहाणपणाचं, मग मागे वळून पाहू नका.

साडेतीन लाखांचं पॅकेज म्हणजे महिना २९ हजार नव्हे. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा आणि मिळेल-न-मिळेल असा व्हेरिएबल धरलेला असतो. तुमचा पीएफ आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर वजा जाता (महिना २००, फेब्रुवारीत ३००; २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना माफ) हातात २१ ते २४ हजार पडतात. त्यातून वाकडच्या पीजीचं भाडं द्यायचं असतं. घरी आकडा सांगताना हातातला सांगा, नाहीतर मामा त्यावरून गाडीचा हप्ता काढून मोकळे होतात.

बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याची अट, वाचा. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे कामच करायचं नाही, अशी अट १८७२ च्या करार कायद्यासमोर टिकत नाही. पण 'बाँड कोर्टात चालत नाही' हे कट्ट्यावरचं ज्ञानही अर्धवटच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेची अट वैध ठरवली: तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख रुपये. तेव्हा रक्कम किती, मुदत किती, ट्रेनिंगमध्ये नापास करून त्यांनीच काढलं तर काय, हे सहीच्या आधी ईमेलने विचारा. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नका.

ऑफर मिळाली म्हणून अभ्यास सोडणाऱ्यांना शेवटच्या सेमिस्टरची केटी (राहिलेला विषय) भोवते, कारण ऑफर पासिंगच्या अटीवर असते. जॉइनिंगची तारीखही गृहीत धरू नका. २०२२ ला पास झालेल्या कित्येकांना मोठ्या आयटी कंपन्यांनी महिनोन् महिने, काहींना तर दोन वर्षं ताटकळत ठेवलं होतं. ऑफ-कॅम्पस अर्ज सुरू राहू द्या.

मार्च आला आणि काहीच नाही

आधी रेझ्युमे एकाच रकान्याचा, साधा करा. दोन रकान्यांची रंगीत टेम्प्लेटं कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाहीत. मग दिवसाला शंभर अर्जांचा नाद सोडून पाच अर्ज आणि प्रत्येकामागे त्या कंपनीतल्या एका सीनिअरला नेमका मेसेज. 'सर रेफरल' एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही. जॉब आयडी, दोन ओळींची ओळख आणि रेझ्युमे जोडा.

पदवीनंतरसाठी नॅट्सवर, म्हणजे केंद्राच्या अ‍ॅप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर, नोंदणी करून ठेवा. अ‍ॅप्रेंटिसशिप वर्षभराची असते आणि किमान स्टायपेंडचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचे आणि राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे फॉर्म मात्र शिकत असतानाच डोळे झाकून भरू नका. दोन्ही योजना आल्या तेव्हा शिक्षण सुरू असलेल्यांसाठी नव्हत्या. सध्याचा नियम वाचूनच भरा.

रूम सोडण्याआधी कॉलेजमधून ट्रान्सक्रिप्ट, बोनाफाइड आणि इंटर्नशिपच्या पत्राची सही-शिक्क्याची प्रत घेऊन ठेवा. जूनमध्ये ऑफिस प्रवेशाच्या गर्दीत असतं आणि गावाहून त्यासाठी पुन्हा पुण्याची खेप पडते. आणि कॉट बेसिसवर (भाड्याच्या खोलीत एका कॉटपुरते) राहत असाल तर घरमालकांना महिनाभर आधी लेखी नोटीस द्या. डिपॉझिट व्हॉट्सअ‍ॅपवर मागून मिळत नाही.