आंब्याचं बुरशी धरलेलं लाकूड कातायच्या आधी घट्ट कसं करायचं

परसात पडलेला आंब्याचा ओंडका एक पावसाळा भिजला की आत काळ्या रेघांची नक्षी उमटते, लेथवर (लाकूड गरगर फिरवत पटाशीनं कातायचं यंत्र) काम करणारे त्याला स्पाल्टेड वूड म्हणतात. दोन बुरश्या आत समोरासमोर आल्या की आपापल्या हद्दीला बांध घालतात, तो बांधच आपल्याला काळी रेघ म्हणून दिसतो. आमच्या बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटीकडं असलं लाकूड पावसामुळं भरपूर मिळतं आणि लोक ते सरळ चुलीत घालतात, बघून जीव तुटतो माझा.

अडचण एवढीच की बुरशीनं लाकूड खाल्लेलं असतं. अंगठ्याचं नख दाबून बघा, नुसता वळ उठला तर तसंच कातता येतं, नख आत रुतलं तर रेझिन (लाकडात मुरवून उष्णतेनं घट्ट करायचं पातळ द्रव) पाजावं लागणार, आणि बोटानं चुरा पडत असेल तर त्याच्यामागं लागू नका.

पहिलं काम वाळवण. तुकडे पाडले की लगेच टोकांना मेण नाहीतर उरलेला ऑइल पेंट फासायचा, नाहीतर तिथूनच तडे जातात, आणि माळ्यावर वारा खेळेल असं रचून ठेवायचं. ओल 20 टक्क्यांच्या खाली आली की बुरशी थांबते, पण परत भिजलं तर परत लागू शकते. मिरगापासून गणपतीपर्यंत आमच्याकडं भिंतीसुद्धा घाम धरतात, तेव्हा त्या दिवसांत माळ्यावरच्या वाळवणावर विसंबून रेझिनला हात घालू नका.

रेझिनसाठी लाकूड हाडासारखं कोरडं लागतं, म्हणून ओव्हन. स्वयंपाकाचा नको, वेगळा जुना ओटीजी घ्या, 105 डिग्रीवर 24 तास ठेवा आणि अधूनमधून वजन करा, वजन उतरायचं थांबलं की झालं. माझा सहा महिने वाळवलेला एक तुकडा आत घातला तेव्हा 412 ग्रॅम होता, दुसऱ्या दिवशी 361 वर येऊन थांबला, म्हणजे आपण वाळलेलं म्हणत होतो त्यात 51 ग्रॅम पाणी होतं की! शेजारच्या काकू विचारत होत्या, "कुजकं लाकूड भाजून काय करूलास रे?" त्यांना मी तो काटाच दाखवला. ओल राहिली तर रेझिन नीट पकडत नाही, आत चिकट राहतं, महागाचं रेझिन आणि दोन दिवस दोन्ही वाया.

गरम तुकडा घट्ट पिशवीत बंद करून पूर्ण गार होऊ द्या, कारण हे रेझिन उष्णतेनंच घट्ट होतं. मग व्हॅक्युमच्या भांड्यात, म्हणजे पंपानं आतली हवा ओढून घ्यायच्या भांड्यात, तुकडा ठेवून वर वजन ठेवा, नाहीतर तो तरंगतो, आणि तो पूर्ण बुडून वर दोन-तीन बोटं राहील एवढं रेझिन ओता. पंप सुरू केला की फेस येतो, बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चालू ठेवायचा, कधी कधी यात तासच्या तास जातात. बाहेरच्या व्हिडिओत व्हॅक्युम दाखवणारा काटा 29 इंचावर (पाऱ्याचे इंच) न्यायला सांगतात, आपल्याकडं तो 27 च्या आसपासच अडतो. पंप बिघडला म्हणून घाबरू नका, बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे, हवेचा दाबच इथं कमी. पंप बंद करून भांड्यात परत हवा सोडल्यावर, पंप जेवढा वेळ चालला त्याच्या दुप्पट वेळ तुकडा बुडवूनच ठेवा, लाकूड खरं पितं ते याच वेळात. मग निथळून फॉइलमधे गुंडाळा आणि ओव्हनमधे 90-95 डिग्रीला ठेवा, तुकड्याच्या गाभ्यापर्यंत ती उष्णता पोचली पाहिजे, म्हणून जाड तुकड्याला जास्त वेळ.

पंप नाही किंवा कातायचा वाडगा मोठा आहे, तर चपडा लाख स्पिरिटमधे पातळ करून मऊ जागी पीत राहील तोवर पाजा, वाळू द्या, मग कातत जाईल तसा परत हात द्या. बारक्या मऊ जागेला पातळ सुपरग्लू चालतो, पण आधी लाखेचा हात दिलेला असू दे, नाहीतर डाग पडतो, आणि सुपरग्लू कापसानं कधीच पुसू नका, कापूस तापून पेटू शकतो.

कातताना पटाशी ताजी धार लावलेली पाहिजे, वेग कमी, तोंडावर शील्ड आणि खाली चांगला मास्क, हा भुसा छातीत जाऊ द्यायचा नाही. चकमधे (लेथवर लाकूड पकडणारा जबडा) धरायचं बूड घट्ट भागातलंच घ्या. माझा पहिला वाडगा बूड मऊ असल्यामुळं फिरता फिरता सुटला आणि खिडकीची काच फोडून बाहेर गेला, डोकं त्या रेषेत नव्हतं म्हणून वाचलो. तेव्हापासून लेथ सुरू करताना मी बाजूलाच उभा राहतो.