नैसर्गिक ड्रेडलॉक्स : जटा धरण्यापासून त्या सांभाळण्यापर्यंत

केस विंचरणे पूर्णपणे थांबवले, तर बहुतेकांच्या डोक्यावर काही महिन्यांत गुंते होतात आणि वर्षा-दोन वर्षांत त्या गुंत्यांच्या जटा बनतात. नैसर्गिक ड्रेडलॉक्सची मूळ कृती एवढीच आहे. मेण, डिंक, जेल किंवा रसायनांची प्रक्रिया यांची तिला गरज नसते. ज्याला जटा ठेवायच्या आहेत त्याच्या हाती दोनच कामे उरतात : टाळू व केस स्वच्छ ठेवणे, आणि जटा मुळाशी एकमेकींत मिसळू न देणे. याखेरीज जे काही केले जाते, त्यातले बरेचसे घाईपोटी केले जाते, आणि तुटलेली मुळे, कुबट वास, आतून पोकळ राहिलेल्या बटा अशा पुढच्या तक्रारींचा उगमही बहुधा त्या घाईतच सापडतो.

जटा बनते कशी

प्रत्येक केसावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात आणि त्यांची तोंडे केसाच्या टोकाकडे वळलेली असतात. त्यामुळे एका केसावर दुसरा केस घासला गेला, की तो एका दिशेने सहज सरकतो आणि उलट दिशेने अडतो. ही सरक-अडक हजारो वेळा झाली, की केस एकमेकांत रुतून बसतात. लोकरीचे कपडे गरम पाण्यात चोळून धुतल्यावर आटतात आणि दाट होतात, तेही याच कारणाने. दुसरी गोष्ट गळणाऱ्या केसांची. माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. विंचरणाऱ्याचे हे केस फणीत येतात. न विंचरणाऱ्याचे मात्र त्यांतले पुष्कळसे बटेतच अडकून राहतात आणि सुटे केस बांधून ठेवण्याचे काम करतात. जुन्या जटेत म्हणूनच मुळापासून सुटलेल्या केसांचा वाटा मोठा असतो.

हे एकदा ध्यानात आले, की जटांविषयीचा सर्वांत हट्टी गैरसमज आपोआप गळून पडतो. केस धुतले नाहीत की जटा लवकर धरतात, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात टाळूतून झिरपणारे तेल केसांवर पसरले, की घर्षण कमी होते आणि गाठ धरण्याऐवजी केस निसटत राहतात. स्वच्छ, कोरडे, किंचित खरखरीत केस सर्वांत लवकर गुंततात. कंडिशनर नको असतो तोही याचसाठी, कारण त्याचे कामच केस निसरडे करण्याचे आहे.

लागणारा काळ केसांच्या पोतावर अवलंबून असतो. घट्ट कुरळ्या केसांत काही महिन्यांत जटा धरू लागतात आणि बोटभर, म्हणजे पाचेक सेंटिमीटर, लांबीही सुरुवातीला पुरते. लहरी केसांना वर्ष लागू शकते. अगदी सरळ व मऊ केसांना दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ द्यावा लागतो आणि सुरुवातीची लांबी किमान १५ ते २० सेंटिमीटर असली तर बरे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतात, तेव्हा आखूड केस असलेल्याने आधी वाढू द्यावेत हे उत्तम.

सुरुवात

सर्वांत शुद्ध मार्ग म्हणजे काहीच न करणे. विंचरणे बंद करावे, केस नेमाने धुवावेत आणि बटा आपसूक कुठे धरतात ते पाहावे. अशा जटा एकसारख्या होत नाहीत. काही करंगळीएवढ्या, काही अंगठ्याहून जाड, काही चपट्या. त्यांची ठेवण डोक्यागणिक वेगळी असते आणि माझ्या मते तेच या मार्गाचे सौंदर्य आहे. पण ज्याला ठरावीक जाडी व सरळ रांगा हव्या आहेत, त्याने हा मार्ग धरून कुढत बसू नये.

मधला मार्ग भाग पाडण्याचा. धुऊन पूर्ण वाळलेल्या केसांचे साधारण अडीच सेंटिमीटर बाजूचे चौकोनी भाग करावेत. पातळ जटा हव्या असतील तर भाग याहून लहान घ्यावेत. शेजारशेजारच्या रांगांतले चौकोन विटांच्या बांधकामासारखे सरकवून घेतले, तर टाळूवर लांब सरळ पट्टे उघडे पडत नाहीत. मग एकेक भाग हातात धरून हलका पीळ द्यावा, टोकाकडून त्याचे दोन पुंजके करून ते विरुद्ध बाजूंना ओढावेत, म्हणजे मुळाजवळ एक सैल गाठ सरकते. पुंजक्यांतले केस दर वेळी अदलाबदल करीत हीच क्रिया टोकापर्यंत करावी. घट्ट कुरळ्या केसांना एवढेही लागत नाही. दोन पेडांचा पीळ किंवा बोटाभोवती गुंडाळलेली बट पुरेशी असते. फणी उलटी फिरवून केस मुळाकडे दाबत नेण्याची पद्धतही प्रचलित आहे. तिने पहिल्याच दिवशी जटेचे रूप दिसते, परंतु ते रूप वरवरचे असते, पहिल्या काही धुण्यांत त्यातले बरेच सुटते, आणि जोराने फणी मारली तर केस मधोमध तुटतात.

मुळाशी किंवा टोकाशी रबर लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. रबर जटेत रुतते, कुजून तुकडे होते आणि मुळाशी असेल तर नेमक्या तिथेच केस कापते.

मेणाची गोष्ट याहून वाईट. मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, आणि इतके गरम पाणी टाळूला सोसणारे नसते. म्हणजे एकदा आत गेलेले मेण साध्या धुण्याने बाहेर येणे नाही. ते केस चिकटवते, गुंतवत नाही. वरून जट झाल्यासारखी दिसते, आत सुटे केस तसेच पडून राहतात, आणि धूळ, तंतू व ओल मात्र साठत जाते.

धुणे आणि वाळवणे

पहिल्या दिवसांत केस आठवड्यातून दोनदा-तीनदा धुतले तरी चालतात, किंबहुना धुवावेतच. टाळू फार तेलकट नसेल तर पुढे आठवड्यातून एकदा पुरते. शाम्पू असा निवडावा, जो धुतल्यावर केसांवर काही मागे ठेवत नाही : पारदर्शक, सिलिकॉन नसलेला, मऊपणाचे आश्वासन न देणारा. तो हातात घेऊन पाण्यात पातळ करावा आणि बोटांच्या पेरांनी टाळूवर, भागांच्या मधल्या रेषांतून, लावावा. जटा स्वतः चोळण्याची गरज नाही. टाळूवरचा फेस पाण्याबरोबर खाली उतरतो आणि जटा त्या फेसातून मुठीने हलके दाबून घ्याव्यात. धुण्याला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ खळबळून पाणी ओतण्यात घालवावा. जटेच्या पोटात उरलेला शाम्पू पुढे पांढुरक्या पुटाच्या रूपात दिसू लागतो आणि टाळूला खाज आणतो.

खाण्याच्या सोड्याने केस धुण्याची शिफारस पुष्कळ ठिकाणी आढळते. टाळूचा सामू साडेपाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर सोड्याचे द्रावण आठच्या वर जाते. एखाद्या वेळी साठलेला थर काढण्यासाठी ते ठीक आहे, मात्र त्यानंतर पाण्यात पातळ केलेल्या व्हिनेगरने केस खळबळून घ्यावेत. दर आठवड्याला सोडा वापरला तर खवले उघडे राहून केस ठिसूळ होतात. समुद्राचे पाणी किंवा मिठाचे पातळ द्रावण घर्षण वाढवून गुंतण्यास मदत करते. तेही फार वेळ ठेवू नये, गोड्या पाण्याने काढून टाकावे.

वाळवण्याकडे मात्र सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण जटांची खरी हानी इथेच होते. बाहेरून कोरडी लागणारी जाड जट आतून कित्येक तास ओली असू शकते, आणि ती ओल पुनःपुन्हा कोंडली गेली की आत बुरशी धरते. या बुरशीचा वास ओल्या राहिलेल्या पायपुसण्यासारखा असतो, आणि एकदा तो पोटात मुरला की काढणे फार जिकिरीचे होते. म्हणून केस सकाळी धुवावेत, रात्री कधीही नाही. न्हाऊन झाल्यावर प्रत्येक जट वरून खाली मुठीत दाबत न्यावी. पीळ देऊ नये, नुसती दाबावी. मग पाणी चटकन शोषणाऱ्या, तंतू न सुटणाऱ्या कापडात गुंडाळून पुन्हा दाबावी. नंतर केस मोकळे सोडून हवेत वाळवावेत. जाड जटांना केस वाळवण्याचे यंत्र मंद उष्णतेवर फिरवावे. वाळल्या की नाहीत हे पाहण्यासाठी सर्वांत जाड जट निवडावी, तिच्या मधोमध कोरडा टिश्यूपेपर गुंडाळून जोराने चिमटीत धरावी आणि कागदावर ओलसर डाग उमटतो का ते पाहावे. डाग उमटला तर केस बांधू नयेत, टोपी घालू नये आणि उशीवर डोके तर मुळीच टेकू नये.

मुळे मोकळी ठेवणे

शेजारच्या दोन जटांचे नवे केस मुळाशी एकमेकांत शिरतात. हे सुरुवातीला काही केसांचे पूल असतात. दोन-तीन महिने दुर्लक्ष झाले की दोहोंची मिळून एक रुंद, चपटी जट होते आणि मागच्या मानेजवळ तर पुष्कळदा तळहाताएवढा सलग पट्टाच तयार होतो. तसे नको असेल, तर प्रत्येक धुण्यानंतर केस अर्धवट ओले असताना दोन जटा टाळूजवळ दोन्ही हातांच्या चिमटीत धराव्यात आणि हळूहळू परस्परांपासून दूर ओढाव्यात. केस सुटताना बारीक तटतट ऐकू येते, थोडे तुटतातही. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. टाळू दुखू लागली तर मात्र थांबावे, त्या जागी बोटाने दोन-चार केस एका वेळी सोडवावेत. ज्या जटा फार पातळ राहिल्या आहेत, त्यांना शेजारणीत मिसळू देणे हा शहाणपणाचाच निर्णय ठरतो, कारण मूळ अशक्त असलेली जट स्वतःच्या वजनाने पुढे तुटते.

पहिल्या वर्षात जटा सुजतात, वाकड्या होतात, मधूनच केसांचे फासे बाहेर पडतात आणि डोके अव्यवस्थित दिसते. लांबीही बरीच घटते, कारण केस आत नागमोडी दुमडत असतात. हीच ती वेळ, जेव्हा लोक क्रोशाची सुई हातात घेतात. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची सुई एखादा मोठा फासा आत घेण्यासाठी, वर्षातून क्वचित, वापरली तर बिघडत नाही. पण दर महिन्याला सगळे सुटे केस आत ओढत राहिले, तर सुईचा आकडा दर खेपेला आतले केस कापत जातो आणि घट्ट दिसणारी जट ताठ, चरचरीत व ठिसूळ होते. मुळे पिळून घट्ट करण्याच्या सवयीचेही तसेच. सुटे केस राहू द्यावेत. त्यांतले बहुतेक यथावकाश आपोआप आत जातात, आणि जे जात नाहीत ते तसेच शोभतात.

रोजची काळजी आणि टाळूचे त्रास

झोपताना सॅटिनचा अभ्रा किंवा सैल टोपी वापरल्यास केसांत कापसाचे तंतू शिरत नाहीत. लोकरी टोप्या व रुव्याचे टॉवेल टाळलेले बरे. आत गुंतलेला तंतू चिमट्याने ओढूनही पूर्ण निघत नाही.

जटा लांब झाल्या की त्यांचे वजन वाढते, भिजल्यावर आणखी वाढते. त्या सतत घट्ट बांधल्या, तर कपाळाच्या कडेचे व कानशिलांवरचे केस ताणाने विरळ होतात. हा विरळपणा वेळीच ताण काढला तर भरून येतो, वर्षानुवर्षे दुर्लक्षिला तर कायमचा होतो. केस बांधल्यावर मुळाशी लहान पुटकुळ्या येत असतील किंवा भुवया वर ओढल्यासारख्या वाटत असतील, तर बांधणी त्याच क्षणी सैल करावी.

टाळू कोरडी पडली तर हलक्या तेलाचे दोन-तीन थेंब बोटांच्या टोकांवर घेऊन फक्त टाळूवर लावावेत, जटांवर नव्हे. कोंडा जात नसेल तर केटोकोनॅझोल असलेला औषधी शाम्पू उपयोगी पडतो. तो टाळूवर काही मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने काढावा. चट्टे, पू, सूज किंवा एका जागी केस जाणे दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि घरगुती लेप करत बसू नये.

जटा सोडवायच्या असतील तर

जटा काढायच्या म्हणजे डोके भादरायलाच हवे, असे नाही. सर्वांत जुना, म्हणून सर्वांत घट्ट भाग टोकाकडे असतो; तो कापून टाकला आणि मुळाकडचे आठ-दहा सेंटिमीटर ठेवले, तर उरलेले सोडवता येतात. जट कोमट पाण्यात भिजवून तिला भरपूर कंडिशनर चोळावा, मग टोकाकडून सुरुवात करून फणीच्या दांडीच्या अणकुचीदार टोकाने एका वेळी सेंटिमीटरभरच भाग उकलावा. मुळाकडून ओढल्यास केस तुटतात. एका जाड जटेला तासभर सहज लागतो, तेव्हा हे काम अनेक दिवसांत वाटून घ्यावे आणि जमल्यास सोबतीला कोणी असावे. उकलताना मूठमूठ केस हातात येतात, ते पाहून टक्कल पडल्याचा धसका बसतो; परंतु रोजचे पन्नास धरले तरी वर्षाला अठरा हजारांवर केस गळतात, आणि त्यांतले बरेचसे इतका काळ जटेतच अडकून होते. टाळूवरचे केस नेहमीइतकेच दाट आहेत ना, एवढे तपासून पुढची जट हातात घ्यावी.