कपाटात पडून असलेला आयपॉड क्लासिक वापरात आणताना

ॲपलने आयपॉड क्लासिकची विक्री २०१४ मध्ये थांबवली, पण तासतासभराचं गाणं किंवा कीर्तन ऐकायला तो अजूनही उत्तम आहे.

आधी मागचा भाग बघा. तो फुगलेला असेल तर चार्जिंगला अजिबात लावू नका, बॅटरी बदलून घ्या. ठीक असेल तर ३० पिनांच्या केबलने अर्धा तास चार्ज करा. बॅटरी पार उतरली असेल तर तेवढा वेळ पडदा काळाच राहू शकतो.

तरीही हालचाल नसेल, तर वरचं होल्ड बटण एकदा सरकवून परत आणा (नारिंगी पट्टी दिसली म्हणजे कुलूप लागलेलं आहे). मग मेन्यू आणि मधलं बटण एकत्र, सफरचंद दिसेपर्यंत दाबून ठेवा. यात गाणी पुसली जात नाहीत. रिस्टोअर केलं (म्हणजे आयपॉड नव्यासारखा कोरा केला) तर मात्र सगळं जातं.

आत फिरणारी हार्ड डिस्क आहे. खानापूर रस्त्यावरच्या खड्ड्यांत एसटीत तो मांडीवर आदळू देऊ नका. सारखी टकटक ऐकू आली की डिस्क जायला लागली समजा, आणि आधी गाणी काढून घ्या.

फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारा एक प्रकार) फाइल यात वाजत नाही. ती ॲपल लॉसलेस या ॲपलच्या तशाच प्रकारात बदला. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची लांब मैफल भरताना संगणकावरच्या आयट्यून्स या ॲपलच्या प्रोग्रॅममध्ये त्या फाइलच्या माहितीतल्या ऑप्शन्समध्ये ‘रिमेंबर प्लेबॅक पोझिशन’वर खूण करा. मध्येच थांबवलं तरी पुढे तिथूनच सुरू होतं.