कारखान्यात माणूस निवडताना: गुणवत्ता मोजायची कशी, दार उघडं ठेवायचं कसं

शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, मशीन शॉपमध्ये ऑपरेटरची जागा रिकामी झाली की पहिला निरोप कामावरच्या माणसाकडेच जातो: "कोण असंल तर बघ की." दोन दिवसांत त्याच्या गावचा, भावकीतला नाहीतर मेव्हण्याकडचा मुलगा दारात उभा राहतो. मुलगा चांगला असतो, बऱ्याचदा कामालाही बरा निघतो. पण त्याचं काम कुणी मोजलेलं नसतं, आणि ज्यांच्यापर्यंत निरोपच गेला नाही त्यांच्याशी त्याची तुलनाही झालेली नसते. तरीही "आम्ही मेरिटवर घेतो" असं मालक मनापासून सांगतात.

गुणवत्ता आणि विविधता यांचं भांडण लावण्याआधी हे बघा, की दोघींच्या आड येतो तो न मोजता घेतलेला ओळखीचा माणूस. त्याचा फटका उत्पादनालाही बसतो. अर्धी शिफ्ट एकाच गावची असली की त्या गावच्या म्हाईला (गावजत्रेला) आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेला निम्मी मशीनं बंद राहतात. सुपरवायझर चुलता असला की पुतण्याचे रिजेक्ट पीस रजिस्टरला येत नाहीत, आणि ते गिऱ्हाइकाकडून परत आले की मगच कळतं.

पुढची पद्धत २० ते १५० माणसांच्या खासगी कारखान्यासाठी आहे. सरकारी आणि अनुदानित संस्थांना आरक्षण व बिंदुनामावलीचे (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला, त्या यादीचे) नियम लागू असतात, त्यांनी ते पाळायचे. उदाहरणासाठी सीएनसी टर्निंग ऑपरेटरच्या, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या लेथवरच्या कामगाराच्या, तीन जागा धरू.

आधी काम लिहा, माणूस नंतर

नेमलेल्या माणसानं पहिल्या ९० दिवसांत स्वतः काय काय करायचं, ते एका कागदावर पाच ओळींत लिहा: ड्रॉइंग वाचणं, टूल ऑफसेट घेणं (हत्याराचं माप मशीनला भरून देणं), पहिला पीस तपासून दुरुस्ती करणं, दर ठरावीक पीसनंतर माप घेऊन नोंद करणं, शिफ्ट नीट सोपवणं. निवडीच्या अटी फक्त या ओळींमधूनच निघाल्या पाहिजेत.

आता जुनी जाहिरात काढा आणि प्रत्येक अटीला विचारा की ही कुठल्या ओळीसाठी आहे. "किमान ३ वर्षं अनुभव", "स्वतःची दुचाकी", "पुरुष उमेदवार", "अंगानं दणकट". दुचाकीची अट खरं तर सकाळी सातच्या शिफ्टला वेळेत पोहोचण्यासाठी असते, मग "सकाळी ६.५० ला गेटवर" एवढंच लिहा, कसं यायचं ते उमेदवार बघेल. दणकटपणाच्या जागी प्रत्यक्ष वजन लिहा. चकमध्ये (मशीनच्या पकडीत) धरायचा जॉब ४ किलोचा असेल तर ४ किलो लिहा. २५ किलोचा असेल तर तो दिवसभर हातानं उचलायला लावणं पुरुषांच्याही कंबरेला परवडत नाही, तिथं होइस्ट (वजन उचलायचं यंत्र) लावा. अशी एकेक अट काढली की अर्ज करणारे वाढतात, आणि कामाचा दर्जा तसूभरही खाली येत नाही.

निरोप कुठंवर जातो

सगळ्यात जास्त कष्ट इथं घ्यावेत असं आमचं ठाम मत आहे. विविधतेचा प्रश्न गुणांत सवलत देऊन सोडवायला जाल तर आत आलेल्या माणसाकडे सगळे संशयानं बघतात. अर्ज येण्याच्या टप्प्यावर तो सोडवला तर पुढं सगळ्यांना एकच माप लावता येतं.

कोल्हापूरला हे नवीन नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशानं संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या, हे सगळ्यांना पाठ असतं. पण १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं निघत गेली आणि १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं झालं, हे त्याच कामाचं दुसरं अंग होतं. जागा राखली तरी त्या जागेसाठी तयार माणूस दारापर्यंत यावा लागतो, ही समज त्यामागं होती.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: जाहिरात किमान सहा ठिकाणी आणि किमान १५ दिवस राहू द्या. कळंबा रोडची शासकीय आयटीआय, तालुक्यांच्या आयटीआय, शासकीय तंत्रनिकेतन, समाजकल्याणची मुलामुलींची वसतिगृहं, राज्य सरकारचं महास्वयं पोर्टल, आणि शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडच्या मोठ्या गावांतल्या ग्रामपंचायतींचे फलक. जाहिरातीत पगाराचा आकडा, शिफ्टच्या वेळा, बस किंवा राहण्याची सोय आणि चाचणीत काय करायला लावणार हे चारही लिहा. "स्त्री-पुरुष दोघांनी अर्ज करावा, चाचणीच्या दिवशी प्रवासखर्च मिळेल" हे वाक्य मोठ्या अक्षरात घ्या. पगार झाकून ठेवला तर ज्यांचा कुणी आत आहे त्यांनाच तो कळतो.

कामावरच्या माणसांनी नावं सुचवायला हरकत नाही. सुचवलेला उमेदवार अर्ज भरून त्याच रांगेत येईल, आणि सुचवणारा त्याच्या चाचणीला किंवा मुलाखतीला बसणार नाही, एवढे दोन नियम नोटीस बोर्डावर लावा. नेत्याची किंवा मोठ्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी आली तरी उत्तर तेच: "पाठवा की, चाचणी मंगळवारी आहे." आधीच लावलेली नोटीस असली की हे बोलणं सोपं जातं.

३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. ती निवड निष्काळजीपणे करू नका. दोन वर्षांनी तुमचे ऑपरेटर त्यांच्यातूनच होणार असतात.

आडनाव झाकून छाननी

मराठीत आडनाव आणि गाव वाचलं की वाचणाऱ्याच्या मनात जात, पाहुणे आणि हिशोब सुरू होतो, त्याची इच्छा असो वा नसो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं कमी आलं.

उपाय स्वस्त आहे. ऑफिसमधल्या एका व्यक्तीनं प्रत्येक अर्जाला क्रमांक द्यावा आणि नाव, फोटो, वडिलांचं नाव, गाव, वय, वैवाहिक स्थिती असलेलं पहिलं पान काढून बंद पाकिटात ठेवावं. छाननी करणाऱ्याकडे फक्त दुसरं पान जातं: शिक्षण, कुठल्या मशीनवर काम केलं, कुठला कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक), कुठली मापसाधनं वापरली. अर्जात जात विचारायचीच नाही. छाननीत गुण देऊ नका. पात्र की अपात्र एवढंच, आणि अपात्र ठरवलं तर कारण एका ओळीत.

चाचणी: १०० पैकी ७० गुण इथंच

प्रात्यक्षिकाला ५०, ड्रॉइंगवरच्या लेखी चाचणीला २० आणि मुलाखतीला ३० गुण ठेवा. बोलका उमेदवार मुलाखतीत नेहमी पुढं असतो, मशीनवर असेलच असं नाही.

प्रात्यक्षिकासाठी ईएन८ स्टीलचा ३२ मिमी बार, एक पायरी २५ मिमी व्यासाची, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) h7, म्हणजे २४.९७९ ते २५.००० मिमी, लांबी ४० आणि १ मिमी चॅम्फर (कडेचा तिरका काप). प्रोग्रॅम तुम्ही भरून द्या. उमेदवारानं टूल ऑफसेट घ्यायचा, पहिला पीस थोडा मोठा ठेवून काढायचा, मोजायचा, ऑफसेट दुरुस्त करायचा आणि दुसरा पीस काढायचा. वेळ ४५ मिनिटं. गुणांची वाटणी: सुरक्षितपणे पहिला पीस १०, बरोबर माप १०, योग्य दिशेनं योग्य दुरुस्ती १५, दुसरा पीस मापात १०, बर (कडेला उरलेली धारदार किनार) काढणं आणि मशीन साफ ठेवणं ५. दुरुस्तीला सर्वांत जास्त गुण द्यायचं कारण असं की पहिला पीस नशिबानंही मापात येतो. साईज हलल्यावर ती परत आणणं हेच ऑपरेटरचं काम.

इथं चार गोष्टी बिघडतात. २१ मायक्रॉनचा (०.०२१ मिमी) टॉलरन्स व्हर्नियरनं तपासला जातो, तिथं ०.००१ मिमीचा डिजिटल मायक्रोमीटरच लागतो. पीस गरम असताना मोजला जातो; २५ मिमीचं स्टील २० अंशांनी गरम असेल तर सुमारे ६ मायक्रॉन जास्त दाखवतं, म्हणून सगळ्यांचे पीस सारखाच वेळ गार होऊ द्या. एकाला नवीन इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) मिळतो आणि दुसऱ्याला झिजलेला. प्रत्येकाला नवीन कड द्या. आणि जो सिमेन्सच्या कंट्रोलरवर शिकला त्याला एकदम फानुकच्या कंट्रोलरसमोर उभं केलं जातं. त्याला बटणं ओळखायला १५ मिनिटं द्या आणि तेवढीच सगळ्यांना द्या.

पीसवर उमेदवाराचा क्रमांक खरडा आणि जो चाचणीच्या वेळी हजर नव्हता अशा इन्स्पेक्टरकडून मोजून घ्या. लेखी चाचणी मराठीत, १० प्रश्न, २० मिनिटं. भाषेची परीक्षा इथं घ्यायची नाही. ड्रॉइंगवरची चिन्हं आणि आकडे सगळीकडे सारखेच असतात.

मुलाखत

तीन जण, त्यातला एक दुसऱ्या विभागाचा, आणि तिघांत किमान एक स्त्री. सहा प्रश्न, सगळ्यांना तेच, त्याच क्रमानं, प्रत्येकी ५ गुण. प्रश्न कामातलाच हवा: "शिफ्ट संपायला २० मिनिटं आहेत आणि साईज दोन तासांपासून वर सरकलेली दिसते. काय कराल?" पुढच्या शिफ्टला तोंडी सांगून निघेन म्हणणाऱ्याला १. मशीन थांबवून सुपरवायझरला सांगेन, ३. मशीन थांबवेन, शेवटच्या चांगल्या पीसनंतरचा सगळा माल वेगळा काढून टॅग लावेन, कळवेन आणि नोंद करेन, ५. असे नमुने मुलाखतीआधीच कागदावर लिहिलेले असावेत. तिघांनी आपापले गुण लिहून सही करेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. मालकानं आधी "पोरगा बरा वाटतोय" म्हटलं की बाकी दोघांचे गुण त्याच्या मागं जातात.

"गाव कुठलं? कुणाचे तुम्ही?" ही आपल्याकडची बोलायची पहिली पायरी, मायेची आहे. पण इथं ती निवड झाल्यानंतर. "लग्न कधी? मुलं लहान आहेत का?" हे कधीच नाही. रात्रपाळी जमेल का हे विचारायचं असेल तर पुरुषांनाही विचारा.

एका गुणाचा फरक हा फरक असतो का

व्हर्नियरची चूक ०.०५ असेल तर ०.०२ चा फरक त्यानं ठरवता येत नाही. निवडीच्या गुणांचंही तसंच आहे, आणि गुणवत्ता-विविधतेचा बहुतेक वाद इथं मिटतो.

आपलं माप किती हलतं ते काढा. दहा उमेदवारांना तिघांनी दिलेले गुण शेजारी शेजारी मांडा आणि एकाच उमेदवाराच्या गुणांत सरासरी किती अंतर पडतं ते बघा. समजा ४ आलं. मग ४ गुणांच्या आतले उमेदवार सारखेच समजायचे. किमान रेषाही चाचणीआधीच ठरवा, जसं एकूण ६० आणि प्रात्यक्षिकात ३०.

समजा क्रमांक १४ ला ८१, क्रमांक ३ ला ७४, क्रमांक २२ ला ७३, क्रमांक ९ ला ७१ आणि क्रमांक १७ ला ६३ मिळाले. १४ सरळ आत. ३, २२ आणि ९ एकाच पट्ट्यात, त्यांतून दोन घ्यायचे. इथं टीमची गरज बघा, आणि ती गरजही पाकिटं उघडण्याआधी लिहिलेली हवी: बेळगावच्या गिऱ्हाइकाशी कन्नड बोलणारं कुणी नाही, सगळे एकाच गावचे आहेत, ग्राइंडिंगचाही हात असलेला माणूस हवा, घरात पहिल्यांदाच कारखान्याची नोकरी लागणारा उमेदवार आहे, दिव्यांग व्यक्ती आजवर एकही घेतलेली नाही. १७ ला मात्र पट्ट्याबाहेरून उचलून आत घेऊ नका, तो कुणाचाही असो. हवे तसे लोक पट्ट्यात येतच नसतील तर जाहिरात आणि शिकाऊ भरतीकडे परत जा.

पट्ट्यातही "स्त्री म्हणून" किंवा "पुरुष म्हणून" असं कारण लिहू नका. भरतीत स्त्रियांना डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानंच बंदी केली होती, आणि २०१९ ची वेतन संहिता लिंगावरून भेद करू देत नाही. दिव्यांगांबाबत २०१६ च्या कायद्यानुसार खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण लिहून जाहीर करावं लागतं. ते एक पान तयार ठेवा.

"वेगवेगळे लोक घेतले की काम घसरतं" असं म्हणणाऱ्यांना एक माहिती द्या. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी रेल्वेचे १९८० ते २००२ चे आकडे तपासले. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण वाढल्यानं उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

रुजू झाल्यावर

माणूस नीट निवडला आणि तीन महिन्यांत गेला तर दोष बहुधा शॉपमध्ये असतो. स्त्रिया पहिल्यांदाच घेत असाल तर एका शिफ्टला एकटीला ठेवू नका, दोघी तरी असू द्यात. आतून कडी लागणारं, पाणी, दिवा आणि झाकणाचा डबा असलेलं स्वच्छतागृह त्या रुजू होण्याआधी तयार हवं. मशीनचा पॅनेल उंच पडत असेल तर १५ सेंमीचा न घसरणारा लोखंडी पाट बसवा. बुटक्या पुरुषांनाही तो लागतो. १० किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कायद्यानं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन मराठीत भिंतीवर लावा. चहाचे ग्लास, जेवणाची जागा आणि पाण्याचा माठ सगळ्यांना एकच. नवीन माणसाला जातीवरून किंवा गावावरून टोपणनाव पडलं तर सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी थांबवावं, कारण आठवड्यात ते रुळतं.

३०, ६० आणि ९० व्या दिवशी सुरुवातीच्या त्याच पाच ओळींवर गुण द्या. सहा महिन्यांनी ते चाचणीच्या गुणांशेजारी मांडा. मुलाखतीत वरचा आणि मशीनवर खालचा असा प्रकार पुन्हा पुन्हा दिसला तर पुढच्या भरतीत मुलाखतीचे गुण ३० वरून २० करा.

एका वहीत प्रत्येक भरतीची नोंद ठेवा: किती अर्ज, किती चाचणीला, किती रेषेवर, किती रुजू, त्यांत स्त्रिया किती, कुठल्या तालुक्याचे किती, ओळखीनं आलेले किती. ज्या टप्प्यावर एखादा गट एकदम गळतो तिथली अट पुन्हा तपासा. नाकारलेल्या उमेदवाराला त्याचे गुण तीन भागांत सांगा आणि रेषेवर असलेल्यांची यादी सहा महिने जपून ठेवा. पुढची जागा निघाली की पहिला फोन त्या यादीतल्या माणसाला करा.