रात्री समोरची होडी कुठे चाललीय, हे दिव्यांवरून ओळखा

गंगापूर धरणावर शीड शिकलेले नाशिककर मुंबईच्या बंदरात रात्री उतरले की दिव्यांशी पहिली खरी गाठ पडते. होडीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा दिवा; दोन्ही नाकासमोरून बाजूला ११२.५ अंशांपर्यंतच दिसतात. मागचा पांढरा १३५ अंशांत.

म्हणून समोर फक्त लाल दिसला तर तिची डावी बाजू तुमच्याकडे आहे, ती तुमच्या डावीकडे चाललीय. लाल-हिरवा एकत्र दिसले तर ती थेट तुमच्यावर येतेय. एकटा पांढरा सर्वांत फसवा: तुमच्या पुढे, दूर जाणारी होडी असेल, नाहीतर नांगरलेली.

२० मीटरपेक्षा लहान शिडाच्या होडीला डोलकाठीच्या टोकावर तिन्ही रंगांचा एकच दिवा चालतो. तो उंच असल्याने शिडाआड जात नाही, आमची पसंती त्यालाच. पण इंजिन सुरू केलं, शीड वर असलं तरी, की होडी यांत्रिक ठरते. तिरंगी दिवा बंद करा, खालचे लाल-हिरवे आणि मागचा लावा, शिवाय डोलकाठीवरचा पुढचा पांढरा. तिरंगी आणि खालचे दिवे एकत्र कधीही लावू नका. समोरच्याला दोन होड्या वाटतात.

जुन्या दिव्यात कुठलाही एलईडी बल्ब बसवू नका. हिरवा निळसर दिसतो आणि रंगांची सीमा सरकते. सूर्यास्ताआधी एकाने धक्क्यावर उभं राहून प्रत्येक दिवा बघावा. मंद दिसला तर आधी डोलकाठीच्या पायथ्याचा तारांचा जोड उघडा, खारं पाणी तिथेच तांबं खातं. सात मीटरपेक्षा लहान शिडाच्या होडीत हे दिवे बसवणं जमत नसेल, तर पांढऱ्या प्रकाशाची बॅटरी (टॉर्च) हाताशी ठेवा आणि टक्कर टळेल इतक्या आधी दाखवा.