काजूच्या टरफलाचं तेल तपासताना या चुका टाळा

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या काजू कारखान्यांमधून टरफलाचं तेल लॅबमध्ये येतं, आणि प्रश्न बहुधा एकच असतो: हे कच्चं आहे की भाजणीचं? कच्च्या तेलात मुख्यतः अॅनाकार्डिक आम्ल असतं. टरफल भाजलं की त्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल उरतं. रेझिन, रंग, ब्रेक लायनिंग बनवणाऱ्यांना हे कार्डॅनॉल हवं असतं, त्यामुळे चुकीच्या उत्तराचा फटका थेट दराला बसतो.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे फक्त जीसी-एमएसवर (नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करणारं आणि त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) भिस्त ठेवणं. यंत्राचा इंजेक्टर, म्हणजे नमुना आत घालायचा भाग, इतका तापलेला असतो की अॅनाकार्डिक आम्ल तिथेच फुटतं. मग पडद्यावर ३०४, ३०२, ३००, २९८ ही वस्तुमानं दिसतात, यंत्रातली ओळखीच्या नोंदींची लायब्ररी ‘कार्डॅनॉल’ म्हणते आणि कच्च्या तेलाचा अहवाल भाजणीचा म्हणून जातो. लायब्ररी खोटं बोलत नाही. तिला तोपर्यंत बदललेला रेणूच मिळालेला असतो. हे चार आकडे म्हणजे एकाच रेणूतून हायड्रोजन सुटत गेल्याची खूणही नव्हे. बाजूच्या साखळीत शून्य, एक, दोन किंवा तीन दुहेरी बंध असलेले ते चार वेगळे रेणू आहेत.

उपाय दोन. एलसी-एमएस (वाफ न करता द्रावणातूनच घटक वेगळे करणारं यंत्र) असेल तर निगेटिव्ह मोडमध्ये, म्हणजे ऋण आयन मोजून, पाहा: ३४७, ३४५, ३४३, ३४१ दिसले तर आम्ल शाबूत आहे. नसेल तर जीसीला देण्याआधी सिलिलेशन करा, म्हणजे रेणूच्या ओएच गटांवर सिलिकॉनचे गट चढवा. एक दुहेरी बंध असलेल्या आम्लाचं ३४६ हे वस्तुमान असे दोन गट जोडल्यावर ४९० होतं. मात्र सिलिलेशनच्या अभिकर्मकाला पाणी चालत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे उघडी बाटली किती ओल धरते ते माहीत आहेच, म्हणून तेल आधी निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवा. ओव्हनमध्ये तापवू नका, नाहीतर जे शोधायचं तेच घालवून बसाल.

हीच ओल आयआरलाही (अवरक्त किरणांचा वर्णपट) फसवते. अॅनाकार्डिक आम्लाच्या कार्बोनिलचा (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा) पट्टा १६४५ प्रति सेंमीच्या आसपास येतो, कारण शेजारच्या ओएचशी कार्बोनिलचा हायड्रोजन बंध असतो. नेहमीच्या आम्लांसारखा १७१० ला शोधाल तर सापडणार नाही. आणि पाण्याचा पट्टाही १६४० च्या जवळच! कोकणातल्या पावसाळ्यात हा गोंधळ मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. त्यासाठी केबीआरची (ओल धरणाऱ्या पोटॅशियम ब्रोमाइड क्षाराची) गोळी बनवूच नका; तेल द्रव आहे, एटीआरच्या स्फटिकावर थेट ठेवलेला थेंब पुरतो. पार्श्वभूमीचं मोजमाप त्याच वेळी घ्या, सकाळचं दुपारी वापरू नका. तरी शंका उरली तर वाळवलेल्या तेलाचा वर्णपट पुन्हा काढा: पट्टा घटला तेवढा भाग पाण्याचा, टिकला तो आम्लाचा.

१७१५ ला अनपेक्षित शिखर दिसलं तर ज्यानं स्फटिक पुसला ते अॅसिटोन अजून उडालेलं नसेल. आणि मास स्पेक्ट्रममध्ये १४९, तर आयआरमध्ये १७२५ च्या जवळ काही उगवलं, तर तो बहुधा प्लास्टिकमधून उतरलेला थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारं द्रव्य. कारखान्याकडून नमुना काचेच्याच बाटलीत मागवा, आणि ती हातमोजे घालूनच उघडा: कच्चं तेल कातडी जाळतं.